माणिकमामांच्या गाडीचे आरसे

गाडी चालू होती आणि मामांनी पुन्हा सेल्फ मारला.

चालू इंजिनला सेल्फ मारला की आतून दातावर दात घासल्यासारखा कर्रर्र आवाज येतो. रस्त्यापलीकडच्या पानपट्टीपर्यंत जातो. बाकड्यावर बसलेली गिऱ्हाइकं हसली.

"मामा, चालूच हाय गाडी," मी मागून म्हणालो.

मामांनी परत बटण दाबलं.

"मामा, चालू हाय म्हणलं की. ओ मामा!"

"दोनदा चालू केल्यावर अ‍ॅव्हरेज डबल देती का वो मामा?" बाकड्यावरचा एक जण म्हणाला.

मामा वळले नाहीत. त्यांनी टाकीवर तळहात ठेवला, जरा थांबले आणि मान हलवून बाजूला झाले. मीही हसत होतो. माझा मोबाईल समोर स्टँडवर लावलेला होता आणि हे सगळं त्यात जात होतं.

मी लातुरात टू-व्हीलरचं गॅरेज चालवतो. मूळ गाव भोकर तालुक्यात. काम शिकलो नांदेडला, एका उस्तादांच्या हाताखाली. त्यांचं सांगणं असायचं की आधी इंजिन ऐका, पाना नंतर हातात घ्या. त्यामुळे समोरच्या माणसाला इंजिन ऐकू येत नाही हे सगळ्यात आधी माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं. आलं नाही, कारण माझं ध्यान मोबाईलकडे होतं. पुढे जे झालं ते मी चारचौघांत बऱ्याचदा सांगितलंय. प्रत्येक वेळी त्यातली एक गोष्ट बदलून सांगितली. इथे बदलत नाही.

आधी मोबाईलचं सांगतो. शोरूमवाले आता गिऱ्हाईक सोडत नाहीत. माझ्यासारख्याकडे जुन्या गाड्या तेवढ्या येतात. म्हणून मी कामाचे छोटे व्हिडिओ टाकायला लागलो होतो. चेन किती सैल असावी, प्लग कसा साफ करावा, असले. कुणी बघत नव्हतं. बायको म्हणायची, "तोंड असं करून बसलाव जसं कुणाच्या मयतीला आलाव. लोकं हसायचं बघतेत. तुमचं प्लग बिग कोण बघतंय?"

तिचं बरोबर होतं. मला हसण्यासारखं काहीतरी पाहिजे होतं.

माणिकमामा त्या दिवशी पहिल्यांदाच गॅरेजवर आले. साठीच्या आसपासचे, शिरूर अनंतपाळच्या रस्त्यावरच्या एका गावचे. एमआयडीसीत एका डाळ मिलवर मशीन चालवायचे. जवानीपासून तिथेच. गाडी मुलाची होती. मुलगा पुण्याला नोकरीला लागला, तिथे कंपनीची बस होती, म्हणून गाडी बापाकडे आली. मुलानं हौसेनं तिला बार-एंड आरसे बसवले होते.

साधे आरसे ब्रेकच्या आणि क्लचच्या लिव्हरजवळ भोकात फिरवून बसतात, उभ्या दांडीवर. बार-एंड आरसे हँडलच्या पाइपाच्या टोकाला बसतात, मुठीच्याही बाहेर. गोल, लहान, दिसायला झकास. गाडी रुंद आणि बुटकी दिसते, पोरांना तेच पाहिजे असतं. तोटा असा की मागचं बघायला नजर पार खाली न्यावी लागते. शिवाय हँडलची रुंदी वाढते. उसाच्या ट्रॉलीशेजारून गाडी काढायची म्हटली की पहिला आरसाच घासतो.

"मिस्त्री, मान खाली घालून मागचं बघायचं म्हंजे काय?" मामा म्हणाले. "तवर पुढचं अंगावर यायलंय. मला आपले वरचे बसवा. मोठे बघून बसवा."

"तेवढं काय मागं बघायचंय मामा? मागचे हॉर्न वाजवतेतच की."

मामा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"मोठेच बसवा," एवढंच म्हणाले.

गाडीचं आयडलिंग फार चढलेलं होतं. आयडलिंग म्हणजे रेस न देता इंजिन आपलं आपण जेवढ्या गतीनं चालतं ते. मी विचारलं, "एवढं कोण चढवून ठेवलंय? पेट्रोल खातंय की." मामा म्हणाले, "मीच. असू द्या." मी असू दिलं नाही. स्क्रू फिरवून खाली आणलं. इंजिन एकदम मऊ चालायला लागलं. मी मोबाईल स्टँडवर लावला, चालू केला, पाना घ्यायला मामांच्या मागे गेलो, आणि तेवढ्यात त्यांनी सेल्फ मारला. वर सांगितलेला तो प्रकार.

मग मी काम सुरू केलं. बार-एंड आरसा पाइपाच्या आत एका रबरी बुचानं फुगून धरलेला असतो. मधला बोल्ट सैल केला की बूच आकसतं आणि आरसा बाहेर येतो. डावा आला, उजवा आला. ते मी कागदात गुंडाळून मामांच्या पिशवीत टाकले. नव्या आरशांची भोकं मुलानं टोप्या लावून बुजवली होती, आत माती आणि गंज. डिझेल टाकून ब्रशनं साफ केली. या गाडीला उजवीकडे उलटे आटे असतात, म्हणजे स्क्रू नेहमीच्या दिशेनं फिरवला तर बसत नाही. आरशाला धक्का लागला तर तो मोडण्याऐवजी सैल व्हावा म्हणून कंपनीनं तसं केलेलं असतं. ज्याला माहीत नाही तो जोर लावतो आणि आटे खाऊन टाकतो. हे मी कॅमेऱ्याकडे बघून समजावून सांगितलं. फार चांगलं सांगितलं असं मला तेव्हा वाटलं.

आरसे बसल्यावर हँडलची दोन्ही टोकं उघडी राहिली. तिथे मुळात लोखंडी वजनं असतात. ती इंजिनचा थरथराट खातात, नाहीतर हाताला मुंग्या येतात. मुलानं आरसे बसवताना ती काढून टाकली होती, पण त्याचे आरसे स्वतःच जड होते, त्यामुळे काम भागत होतं. माझ्या भंगाराच्या डब्यात तसली वजनांची जोडी निघाली. बसवली आणि मामांना चक्कर मारायला पाठवलं.

मामा परत आले ते नाराज.

"आरसे बेस झाले. पण टोकाला ते काय बसवलाव ते काढा."

"मामा, त्यानं हाताला त्रास होत न्हाई. फुकट बसवलंय, घ्या की."

"काढा. हँडल मुकं झालंय. आधीबी तसंच होतं. ते पोराचे आरसे होते तवर गाडी चालू हाय का बंद, हाताला कळतच नव्हतं."

मी वजनं काढली आणि प्लास्टिकच्या टोप्या लावल्या. मामांनी दोन्ही मुठी धरल्या आणि गाडी चालू केली. हँडल थरथरायला लागलं. त्यांचा चेहरा सैल झाला.

"आता बोलायलीय बघा," म्हणाले.

मी त्यांच्या मागे उभा होतो. त्या वेळी मला एकदम सगळं उमगलं. चढवून ठेवलेलं आयडलिंग, टाकीवरचा हात, मोठे आरसे. खात्री करायची म्हणून मी जागेवरूनच, साध्या आवाजात म्हणालो, "मामा, चहा सांगू का?"

मामा हलले नाहीत. मी पुन्हा तेच म्हणालो, तेवढ्यात त्यांची नजर नव्या आरशात गेली. आरशात माझं तोंड हललेलं दिसलं असणार. ते वळले आणि अंदाजानं म्हणाले, "हाव."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मला कळलंय हे त्यांना कळलं.

मामांनी गाडी बंद केली, उतरले आणि मला आत, टायरच्या ढिगामागे नेलं.

"मिस्त्री, उजवा कान पूर्ण गेलाय, डावा नावाला हाय. मिलमध्येच गेला हळूहळू. कानाचं मशीन घेतलं होतं. मिलवर लावलं की डोक्यात नुसता दगडांचा पाऊस."

मी समोरून, हळू विचारलं, "मिलवर कुणाला माहीत हाय?"

"न्हाई. तिथं कुणालाच कुणाचं ऐकू येत न्हाई, सगळे हातानंच बोलतेत. म्हणून झाकून गेलं. मशीनवर हात ठेवला की बेरिंग गेलंय का चाळणी तुंबलीय, मला कळतंय. पण सेठला कळालं तर मशीनवर ठेवायचा न्हाई. मशीन गेलं तर मी काय करू तिथं?" मग त्यांनी हात जोडले. "कुणाला बोलू नका."

माझ्यापेक्षा मोठा माणूस माझ्यापुढे हात जोडून उभा होता. मी त्यांचे हात खाली केले. "मी कशाला बोलतो मामा," म्हणालो. म्हणताना खरंच तसं मनात होतं.

मामा चहा पिऊन निघाले. गाडी रस्त्याला लागली. पाठमोरे मामा, दोन्ही बाजूंना मोठे आरसे, त्यात ऊन चमकत होतं. मी मोबाईल स्टँडवरून काढला आणि तो शॉट घेतला. व्हिडिओचा शेवट चांगला होईल म्हणून.

संध्याकाळी मी तो व्हिडिओ कापायला बसलो. उलट्या आट्यांचं माझं भाषण बघितलं. कंटाळवाणं होतं. सेल्फचा तुकडा बघितला आणि मला एकट्यालाच पुन्हा हसू आलं. मग मामांचे जोडलेले हात आठवले. मी तो तुकडा काढून टाकला. बाकीचं पुन्हा बघितलं. त्यात काहीच राहिलं नव्हतं. मी तुकडा परत घातला.

मनाशी म्हणालो, यात कानाचं कुठे काय आहे? म्हातारा माणूस चालू गाडीला सेल्फ मारतो, एवढंच. मी कुणाला बोलणार नाही म्हणालो होतो आणि बोलत तर नव्हतोच. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मामा, गाडी चालूच हाय!' आणि टाकून दिलं.

माझा आवाज त्यात होता, एकदा, दुसऱ्यांदा, मग ओरडून. आणि पाठीमागून एवढं ओरडूनही न वळणारे मामा होते. ज्यानं मामांना रोज बघितलंय त्याला आणखी काही सांगायची गरज नव्हती.

तो व्हिडिओ लोकांनी खूप बघितला. गॅरेजवर नवी गिऱ्हाइकं यायला लागली. गाडी लावता लावता म्हणायची, "मामा, चालूच हाय गाडी!" मी हसायचो.

मग एक दिवस मिलच्या शेठजींचा फोन आला. ओळख नव्हती. म्हणाले, येऊन जा. मी गेलो. ऑफिसची काच बंद होती, तरी मशीनच्या आवाजानं टेबलावरचा पाण्याचा ग्लास थरथरत होता.

"तुमचा तो व्हिडिओ लई भारी," शेठजी म्हणाले. "घरातली सगळी हसून हसून बेजार. मीच दोनदा बघितला. दुसऱ्यांदा बघताना डोक्यात आलं, हा तर आपला माणिक. अन् हा वळत का न्हाई?"

मी थरथरणाऱ्या ग्लासाकडे बघत होतो.

"मग एकदा लाइट गेली, मिल गप झाली. मी त्याच्या मागं जाऊन उभा राहिलो अन् हाक मारली. मोठ्यानं मारली. हा आपला पट्टा पुसायलाय."

"सेठ, मामांचं काम तर चांगलंय ना? हातानं कळतंय त्यांना सगळं."

"कामाला नाव न्हाईच. पण उद्या पट्ट्यात कुणाचा हात गेला अन् पोरं बोंबलली बंद करा म्हणून, तर ह्याची पाठ असली तिकडं, मग? मला जबाब द्यावा लागंल." त्यांनी माझ्याकडे पाण्याचा ग्लास सरकवला. "त्याला पोती शिवायला बसवलंय. काढला न्हाई. पण तुम्ही मला वाचवलाव बघा. उपकार झाले."

शेठजींचं म्हणणं खोटं नव्हतं. निघताना ते म्हणाले, "मिलच्या गाड्या आजपासून तुमच्याकडं लावतो सर्व्हिसिंगला."

नको म्हणायला एक शब्द पुरला असता. मी "बरं" म्हणालो. आजही त्या गाड्या माझ्याकडेच येतात.

बाहेर पडताना मामा दिसले. गोदामाच्या दारात पोत्यांच्या थप्पीला टेकून बसले होते. हातात दाभण आणि सुतळी. मशीनवरची माणसं आता त्यांना ओलांडून ये-जा करत होती. मामांची नजर पोत्यावर होती. मी हाक मारली नाही. मारून उपयोग नव्हता, असं मी नंतर स्वतःला सांगितलं. समोर जाऊन उभं राहता आलं असतं. त्याच संध्याकाळी मी व्हिडिओ काढून टाकला. तोवर तो लोकांच्या मोबाईलमधून कुठल्या कुठे गेला होता.

उन्हाळ्यात मामा गॅरेजवर आले. पिशवीतून कागदाची पुडी काढली. त्यात ते बार-एंड आरसे होते, मी गुंडाळले होते तसेच.

"हे परत बसवा," म्हणाले. "गाडी पोराला पाठवायलोय. ट्रॅव्हल्सवाल्याकडं टाकायचीय पुण्याला."

मी समोर उभं राहून विचारलं, "अन् तुम्ही मामा?"

"मिल सोडली. पोती काय कुणीबी शिवतंय. घरचे म्हणतेत, ऐकू येत न्हाई तर गाडीवर कशाला बसता. व्हिडिओ सगळ्यांनीच बघितलाय." रागानं म्हणाले नाहीत. "शेत हाय. गावातल्या गावात चालत होतंय."

ऐकू न येणाऱ्यालाही लायसन मिळतं, हे मला त्यानंतर एका आरटीओ एजंटकडून कळलं. तेव्हा माहीत असतं तरी बोललो असतो का, ठाऊक नाही.

मी काम सुरू केलं. मी बसवलेले आरसे मीच काढले. उजवीकडचा काढताना हात नेहमीच्या दिशेनं गेला आणि आटे कुरकुरले. एवढ्या वर्षांत ती चूक माझ्याकडून झाली नव्हती. मामा बाकड्यावर बसून बघत होते. त्यांच्यापर्यंत तो आवाज गेला नाही.

"पोरानं मला दाखवला तो व्हिडिओ," मामा म्हणाले. "सुट्टीवर आला तवा. शेवटपर्यंत बघितला. रस्त्याला लागल्यावर आरसे लई झ्याक दिसतेत."

मी मान खाली घालून भोकं बुजवायच्या टोप्या शोधत राहिलो.

"मिस्त्री, इकडं बघा."

मी बघितलं.

"मी तुम्हाला हात जोडले, त्याच्या आधी टाकला होता का नंतर?"

तोवर मी मामांशी कसं बोलायचं ते शिकलो होतो. तोंड समोर धरायचं, घाई करायची नाही, ओठ नीट हलवायचे. मी तसंच केलं.

"आधी," मी म्हणालो. "मामा, आधीच टाकला होता. मग काढता आला न्हाई."

मामा माझ्या ओठांकडे बघत राहिले.

"बरं," म्हणाले.

गाडी तयार झाली. हँडलच्या टोकांना पुन्हा ते जड आरसे. मामांनी मुठी धरल्या आणि सेल्फ मारला. इंजिन चालू झालं, पण हँडल मुकं होतं. त्यांचा अंगठा बटणावरच होता. त्यांनी माझ्याकडे बघून भुवया वर केल्या, चालू झाली का म्हणून. मी मान हलवली. त्यांनी अंगठा काढला, गिअर टाकला आणि निघाले.

ते कोपऱ्यावर वळेपर्यंत मी बघत होतो. पाठमोरे मामा, ऊन, रस्ता. तोच शॉट, फक्त आरसे खाली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. व्हिडिओच्या शेवटी मामा नवे आरसे लावून रस्त्याला लागतात. ते गॅरेजमधून निघाले ते हात जोडून झाल्यावर, चहा पिऊन. तो शॉट ज्यात आहे तो व्हिडिओ आधी टाकलेला असूच शकत नाही. मामांनी तो शेवटपर्यंत बघितला होता आणि तसं मला सांगूनही झालं होतं. उत्तर त्यांच्याजवळ होतं. त्यांना फक्त ते माझ्या तोंडून बघायचं होतं.

चारचौघांत सांगताना मी हीच गोष्ट बदलत आलो. टाकल्यावर कळलं, असं सांगायचो. लोक म्हणायचे, तुमची काय चूक मग.

मामांच्या गाडीचे काढलेले आरसे त्यांनी नेले नाहीत. फळीवर आहेत. कुणी गॅरेजमध्ये मोबाईल वर करून व्हिडिओ काढायला लागलं की मी काम थांबवतो. गिऱ्हाइकाशी बोलायचं तर समोर येऊन बोलतो. आणि उजवीकडचा आरसा काढायचा असेल तेव्हा जोर लावण्याआधी थांबून बघतो, आटे कोणत्या बाजूचे आहेत ते.